फ्रेंच प्रवासी आणि आपलीं लेणीं

गेल्या वर्षीं नववीच्या भूगोलाच्या तासास फ्रान्सचा नकाशा भिंतीवर लावला होता. नद्या, पर्वत, द्राक्षांचे मळे हें सर्व सांगून झाल्यावर, "तुम्हांपैकीं कोणास तेथें जावयास मिळालें, तर काय पाहाल?" असें मीं सहज विचारलें. आयफेल मनोरा हें उत्तर दहापंधरा मुखांतून एकदम निघालें. पॅरिसचें नोत्र-दाम हें प्राचीन ख्रिस्तमंदिर १५ एप्रिल २०१९ रोजीं आगींत सांपडलें व दुरुस्त होऊन डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हां उघडलें, हेंही एकानें सांगितलें. इतक्यांत मागच्या बाकावरून एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आपण तिकडे काय पाहावयाचें तें झालें, पण तिकडचीं माणसें पूर्वीं आपल्याकडे कांहीं पाहावयास येत होतीं का?" त्याच वेळीं घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें आज येथें पुरें करीत आहें.

सतराव्या शतकांत फ्रान्सहून हिंदुस्थानांत येणारा मनुष्य बहुधा सुरतेस उतरे. कांहीं वाट जमिनीवरून, कांहीं समुद्रावरून, असा त्याचा प्रवास महिनोन् महिने चाले. इतके कष्ट सोसून येणाऱ्यांत केवळ पाहण्यासाठीं निघालेले थोडे, उद्योगासाठीं निघालेले पुष्कळ. झां-बाप्तिस्त ताव्हर्निये हा जवाहिऱ्या दुसऱ्या वर्गांतला. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांकडे जातांना तो नवापूर, पिंपळनेर, दौलताबाद, औरंगाबाद या वाटेनें गेला. व्यापारी असला तरी त्याचें नाक तिखट होतें. नवापूरचा तांदूळ दाण्यानें बारीक, शिजल्यावर अतिशय शुभ्र आणि कस्तुरीच्या वासाचा असतो, असें त्यानें मुद्दाम टिपून ठेविलें आहे. फ्रांस्वा बर्निये हा वैद्य; तो औरंगजेबाच्या दरबारच्या आश्रयानें राहिला. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं सुरतेवर स्वारी केली तेव्हां फादर अँब्रोज नांवाच्या कॅपुचिन धर्मगुरूच्या घरास त्यांनीं धक्का लावूं दिला नाहीं, ही गोष्ट आपणांस ज्या लेखांतून कळते त्यांत बर्नियेचा ग्रंथ आहे.

परंतु त्या मुलीच्या प्रश्नाचें खरें उत्तर तिसऱ्याच मनुष्यांत सांपडतें. त्याचें नांव झां द थेव्हनो. हा पॅरिस शहरीं १६३३ सालीं जन्मला. यास ना हिरे विकत घ्यावयाचे होते, ना दरबारीं चाकरी करावयाची होती. देश पाहावे, तेथील भाषा शिकाव्या आणि पाहिलेलें लिहून ठेवावें, एवढाच त्याचा छंद. तुर्की, अरबी व फारसी या भाषांचा त्यानें अभ्यास केला होता. जानेवारी १६६६ मध्यें तो सुरतेस उतरला. ज्या वर्षीं शिवाजी महाराज आग्र्यास जाऊन औरंगजेबाच्या कैदेंतून निसटले, तेंच हें वर्ष. महाराजांविषयींही थेव्हनोनें आपल्या ग्रंथांत लिहिलें आहे. सुरतेहून तो पुढें औरंगाबादेकडे वळला आणि तेथून वेरूळचीं लेणीं पाहावयास गेला. युरोपांतील मनुष्यानें केलेलें वेरूळचें पहिलें तपशीलवार वर्णन तें त्याचेंच मानितात.

लेण्यांसमोर उभा राहिल्यावर त्यास काय वाटलें, हें वाचण्यासारखें आहे. खांबांनीं भरलेलीं इतकीं विस्तीर्ण देवालयें आणि इतक्या सहस्रावधि मूर्ति एका सजीव कातळांतून कोरून काढणें हें मानवी शक्तीपलीकडचें काम दिसतें. निदान ज्या काळीं तें झालें त्या काळचे लोक रानटी खास नव्हते, अशा अर्थाचा अभिप्राय त्यानें दिला आहे. त्या काळच्या कित्येक युरोपीय प्रवाशांस आपल्या चतुर्भुज मूर्ति पाहून भयच वाटलें व त्यांनीं त्यांस राक्षस ठरविलें. थेव्हनो स्वतः परधर्मीय, वयानें अवघा तेहेतीस वर्षांचा, आणि यजमान देशाची कलापरंपरा त्यास शिकविणारा कोणी नाहीं. तरी डोळे उघडे ठेवून त्यानें जो न्याय केला, तो मला मोठा वाटतो. हीं लेणीं कोणीं केलीं असें त्यानें लोकांस विचारलें. तेव्हां राक्षसांनीं केलीं, पण कोणत्या काळीं तें ठाऊक नाहीं, असें उत्तर मिळालें. हें वाचून हंसूं नये. आपणही कोठें खडकांत कोरलेलें दालन दिसलें कीं "पांडवांनीं एका रात्रींत केलें" म्हणून मोकळे होतोंच.

त्या बिचाऱ्याचा ग्रंथ त्यास छापलेला पाहावयास मिळाला नाहीं. परतीच्या वाटेवर इराणांत मियाना या गांवीं नोव्हेंबर १६६७ मध्यें तो मरण पावला. वय चौतीस. हिंदुस्थानच्या प्रवासाचा भाग १६८४ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं, प्रसिद्ध झाला.

थेव्हनोस जें सांगणारा कोणी नव्हता, तें आज आपणांस कळतें. वेरुळास एकंदर ३४ लेणीं क्रमांक घालून ठेविलीं आहेत. १ ते १२ बौद्धांचीं, १३ ते २९ हिंदूंचीं व ३० ते ३४ जैनांचीं. सोळावें तें कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत, तें झालें. इतर इमारती पायापासून वर चढतात. कैलास शिखरापासून खालीं उतरला आहे. डोंगराच्या माथ्यावर तीन बाजूंनीं चर खणून मधला कातळ मोकळा केला, आणि मग वरून खालीं छिन्नी चालविली. अशानें परांची बांधावयास नको. कारागीर ज्या दगडावर उभा, तोच पुढें कोरावयाचा. तयार झालेलें अंगण सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद असून मागचा उभा कातळ १०७ फुटांपर्यंत उंच आहे. येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट मनांत आणावी. विटांच्या भिंतींत चूक झाली तर वीट काढून दुसरी बसवितां येते. कैलासांत एखाद्या हत्तीची सोंड चुकून तुटली असती तर ती परत जोडावयास दगड कोठून आणणार? पुढें लागणारा प्रत्येक खांब, प्रत्येक जिना, प्रत्येक हत्ती अगोदरच कोणाच्या तरी मनांत पुरा उभा होता. बडोदें येथें मिळालेल्या, इ. स. ८१२-१३ च्या सुमाराच्या एका राष्ट्रकूट ताम्रपटांत कृष्णराजानें बांधविलेल्या अशाच एका अद्भुत शिवालयाचें वर्णन आहे. तें काम पुरें झाल्यावर, हें आपल्या हातून कसें झालें, असें खुद्द शिल्पकारासच आश्चर्य वाटलें, असें त्यांत म्हटलें आहे. तें देवालय म्हणजे कैलासच, असें विद्वान् मानितात.

थेव्हनोनंतर सुमारें नव्वद वर्षांनीं आंकेतिल-द्युपेरों हा आणखी एक फ्रेंच तरुण या वाटेनें गेला. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाची भाषा शिकावी म्हणून, जवळ पैसा नसतां, शिपायांत नांव घालून हा १७५५ सालीं हिंदुस्थानांत आला. सुरतेकडे जातांना १७५८ सालीं त्यानें वेरूळ पाहिलें. पुढें १७६० त मुंबईजवळचीं कान्हेरी व घारापुरी हीं लेणींही पाहिलीं. परत जातांना त्यानें सुमारें १८० हस्तलिखितें नेलीं व १७७१ मध्यें अवेस्ताचें फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केलें. फ्रेंच सेनापतीही आपल्या इतिहासांत आले. ब्युसी यानें १७५० सालीं तामिळ देशांतील जिंजीचा किल्ला एका रात्रींत घेतला, ज्या जिंजींत पूर्वीं राजाराम महाराजांनीं मोंगलांशीं झुंज दिली होती. योगायोग असा कीं, जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे जे बारा किल्ले दाखल झाले, त्यांत महाराष्ट्रांतील अकरांबरोबर जिंजीही आहे, आणि तो निर्णय झाला पॅरिस शहरींच. पण किल्ल्यांची कथा वेगळी. आज लेण्यांकडेच राहूं.

येथवर त्यांनीं आपलें काय पाहिलें तें सांगितलें. आतां त्यांनीं आपल्या स्वतःच्या घरच्या लेण्याचें काय केलें तें ऐका, कारण तें करणारे तुमच्याच वयाचे होते.

१९४० चा सप्टेंबर महिना. जर्मनांनीं फ्रान्सचा पराभव करून तीन महिनेही लोटले नव्हते. देशाच्या नैर्ऋत्य भागांत व्हेझेर नदीच्या कांठीं मोंतिन्याक नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील चार मुलगे ता. १२ रोजीं जवळच्या लास्को टेकडीवर गेले. एका झाडाखालच्या भोंकाचें तोंड मोठें करून मार्सेल राव्हिदा हा त्यांतला थोरला आधीं आंत उतरला, मागून बाकीचे. दिव्याच्या उजेडांत भिंतींवर व छतावर तांबडे, काळे, पिंवळे बैल, घोडे व हरणें दिसलीं. त्यांतला सर्वांत मोठा बैल पांच मीटरांहून लांब. हीं चित्रें सुमारें सतरा हजार वर्षांपूर्वींचीं, किंवा त्याहूनही जुनीं. मुलांनीं तें गुपित फार दिवस ठेविलें नाहीं. आपल्या जुन्या शिक्षकास, लेओं लाव्हाल यांस, जाऊन सांगितलें. शिक्षकांस आधीं ती मुलांची थट्टाच वाटली. मग ते स्वतः उतरले. थोड्याच दिवसांत आब्बे ब्रई हे धर्मगुरु व आदिमानवाच्या कलेचे नाणावलेले अभ्यासक तेथें आले आणि चित्रें अस्सल असल्याचें त्यांनीं सांगितलें. चौघांतला झाक मार्साल हा जेमतेम चौदा वर्षांचा. गांवकऱ्यांची झुंबड आंत शिरून चित्रांची नासाडी करील म्हणून तो राव्हिदासह गुहेच्या तोंडाशीं राहुटी ठोकून राहिला! पुढें सारें आयुष्य त्यानें त्या गुहेच्याच सेवेंत घालविलें.

१९४८ सालीं गुहा लोकांसाठीं उघडली. दिवसाला बाराशेंच्या आसपास माणसें येऊं लागलीं. कोणी भिंतीस हात लावीत नव्हता, कोणी नांव कोरीत नव्हता. तीं केवळ श्वास घेत होतीं. पण त्या श्वासांतली वाफ, ऊब व कर्बवायु यांमुळें भिंतींवर हिरवें शेवाळ धरूं लागलें व चुन्याचा पांढरा थर चढूं लागला. हजारों वर्षें अंधारांत सुखरूप राहिलेलीं चित्रें पंधरा वर्षांत आजारी पडलीं. तेव्हां १९६३ सालीं फ्रेंच सरकारनें गुहेचें दार बंद केलें, तें आजतागायत लोकांस बंदच आहे. जवळच हुबेहूब प्रतिकृति तयार करून ती १९८३ मध्यें व तिच्याहून पूर्ण अशी दुसरी २०१६ मध्यें उघडली. आज लास्कोस जाणारा प्रवासी हजारों मैलांवरून येऊन प्रतिकृतिच पाहतो, आणि तरीही येतो. दाखविण्यासारखें तें दाखवावयाचेंही त्या लोकांस ठाऊक आहे. १९८४ पासून दरवर्षीं सप्टेंबर महिन्यांत तेथें वारशाचा उत्सव होतो. आतां तो तिसऱ्या शनिवारीं व रविवारीं असतो. एरव्हीं बंद असणारे राजवाडे, सरकारी कचेऱ्या, खुद्द राष्ट्राध्यक्षांचें निवासस्थानही त्या दिवसांत सामान्य लोकांस आंतून पाहतां येतें, आणि घरचीं मुलेंबाळें घेऊन लोक रांगा लावितात. फ्रान्सला जाण्याचा योग कोणास आलाच, तर आयफेल मनोऱ्यापेक्षां हे दोन दिवस गांठावे, असें माझें मत आहे.

आपल्याकडे काय आहे? अजिंठा थेव्हनोच्या किंवा आंकेतिलच्या वर्णनांत नाहीं. वाघोरा नदीच्या खोऱ्यांत तीं लेणीं रानानें झांकून गेलीं होतीं. २८ एप्रिल १८१९ रोजीं जॉन स्मिथ नांवाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानें तेथें आला, आणि दहाव्या लेण्यांतील एका खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावरच, त्यानें आपलें नांव व तारीख कोरून ठेविली. लेण्यांत त्या वेळीं गाळमाती सांचलेली होती; तिच्यावर उभें राहून कोरल्यामुळें तें नांव आज माणसाच्या डोक्याहून उंच दिसतें. दोनशें वर्षांहून अधिक काळ गेला, नांव कायम आहे.

आतां एक गोष्ट सांगावयाची आहे. ती लिहितांना हात जड होतो. कांहीं वर्षांपूर्वीं मी मुलांची एक तुकडी घेऊन वेरुळास गेलों होतों. यवतमाळहून कारंजा, मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा रात्रीचा प्रवास. मुलें जागरणानें व आनंदानें उतावीळ. बाराव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर मी मुलांची मोजणी करीत होतों. एक कमी भरला. तो एका खांबामागें होता. कंपासपेटींतलें कर्कटक हातांत, आणि खांबावर त्याच्या नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें पांढऱ्या रेघांनीं उमटलेलीं. मुलगा वाईट नव्हे. चित्रकलेंत वर्गांत पहिला येणारा. तेथील पहारेकरी माझ्याआधीं पोंचला होता. तो ओरडला नाहीं. "मास्तर, जरा हें वाचा," म्हणून त्यानें मला शेजारचा खांब दाखविला. मीं वाचूं लागलों. नांवें, तारखा, बाण मारलेलीं हृदयें, गांवें. त्यांत आमच्या जिल्ह्यांतलीं दोन गांवें होतीं. दुसऱ्या गांवाशीं मी थांबलों, पुढें वाचवेना. त्यानें कर्कटक काढून घेतलें, मुलाचें व माझें नांव वहींत लिहून घेतलें आणि आम्हांस जाऊं दिलें. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास १९५८ च्या कायद्याप्रमाणें, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो, हें मला त्या दिवशीं ठाऊक नव्हतें. पहारेकऱ्यास खचित ठाऊक असावें.

परत आल्यावर मुलाचे वडील शाळेंत आले. ते शेतकरी, बोलणें मोजकें. मुलाच्या बाजूनें भांडतील असें वाटलें होतें. ते म्हणाले, "सर, पोरानं चूक केली, त्याचं मी पाहून घेतो. पण जाण्याच्या आधीं तुम्हीं त्याला त्या दगडाविषयीं काय सांगितलं होतं?" मीं आठवून पाहिलें. गाडी किती वाजतां सुटेल, डब्यांत काय आणावें, खिडकीजवळ कोणी बसावें, स्वेटर विसरूं नये, हें सारें सांगितलें होतें. लेण्यांविषयीं एक अक्षरही नाहीं. तीं आठवड्यापूर्वीं पहिल्यानें वाचावयाचीं तीं मीं स्वतःही वाचलीं नव्हतीं. तसें मीं त्यांस सांगितलें. ते "बरं" म्हणून गेले.

तेव्हांपासून सहलीचा क्रम बदलला आहे. पालकांच्या माहितीसाठीं तो येथें लिहितों. वेरुळास जाण्याच्या आधीं आपल्या जवळचें एक लेणें पाहावयाचें, असें ठरविलें. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. ती ओलांडली कीं नांदेड जिल्ह्यांतील माहूर येतें. रेणुकामातेच्या दर्शनास तुमच्यापैकीं बहुतेक घरांतलीं माणसें तेथें जातातच. पण गांवालगत डोंगरांत कोरलेलें जें लेणें आहे, त्यास लोक पांडवलेणें म्हणतात, तें किती जणांनीं पाहिलें? अभ्यासक तें राष्ट्रकूटांच्या काळचें मानितात, म्हणजे ज्या घराण्यानें कैलास कोरविला त्याच घराण्याच्या काळचें. तेथें गर्दी नसते, तिकिटाची घाई नसते, घसा फोडून ओरडणारा वाटाड्या नसतो. खांबापाशीं स्वस्थ बसून छिन्नीचे घाव कोणत्या दिशेनें गेले आहेत, तें बोट न लावतां नुसत्या डोळ्यांनीं पाहतां येतें. एकदां ते घाव ओळखावयास शिकला, कीं वेरुळास गेलेला मुलगा दहा मिनिटांत सगळें "पाहून" बाहेर पडत नाहीं.

जातांना प्रत्येकानें एक कोरी वही, पेन्सिल व चौघांत मिळून एक मोजावयाची फीत घ्यावी. कंपासपेटी घरीं ठेवावी. मोबाईल आणला तरी पहिला अर्धा तास पिशवींतच राहील. वेरुळाचा बेत करणाऱ्या पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं वेरूळ मंगळवारीं व अजिंठा सोमवारीं बंद असतें, आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांस तेथें प्रवेशमूल्य पडत नाहीं. कैलास पाहावयाचा तर सकाळीं लवकर पोंचावें. अंगणांतून पाहून झाल्यावर बाजूच्या डोंगरावर चढून तो वरूनही पाहावा, म्हणजे शिखरापासून खालीं कसें उतरले तें एका दृष्टींत कळतें.

ज्या मुलाची गोष्ट सांगितली, तो दुसऱ्या वर्षीं माहूरास आमच्याबरोबर होता. येतो का, म्हणून मीं विचारलें नव्हतें. वडिलांनीं वर्गणी देऊन धाडला. त्यानें दोन तास खपून लेण्याचा नकाशा काढला. खांब, दार, गाभारा सर्व फुटांत. तो नकाशा सध्यां नववीच्या वर्गांत फळ्याच्या उजव्या बाजूस लावलेला आहे. खांबांमधील अंतर दोन ठिकाणीं जुळत नाहीं, असें प्रारंभीं सांगितलेल्या त्या मुलीनें मला दाखविलें आहे. त्याचें मोजमाप चुकलें कीं कारागिराचें, हें पाहण्यासाठीं यंदा जानेवारींत पुन्हां जावयाचें आहे.